पायलटांचा करार अडकला आणि आम्ही ३५ तास टर्मिनलवर : एका युरोपियन एअरलाइनचा रिव्ह्यू

५ पैकी २ स्टार. आणि हे दोन्ही स्टार विमानाला आणि विमानातल्या माणसांना आहेत, ऑफिसात बसून निर्णय घेणाऱ्यांना माझ्याकडनं एकपण नाही. पायलटांनी संप केला म्हणून मी तीन स्टार कापले असं कुणाला वाटेल तर तसं नाहीये, म्हणूनच एवढं मोठं लिहायला बसलेय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण भरपाईचा क्लेम अजून पूर्ण मिटलेला नाही, युरोपातली मोठी कंपनी आहे एवढं पुरे.

प्रवास असा होता. धाकटा भाऊ टोरंटोला असतो, त्याला मुलगी झाली, बारसं रविवारी दुपारी ठेवलेलं. मी आणि आई सोलापुरातनं निघालो. आई ६९ वर्षांची, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघ्यामुळं लांब चालवत नाही म्हणून व्हीलचेअर बुक केलेली. होटगी रोडच्या विमानतळावरनं आता मुंबईला विमान जातं, पण आमच्या बॅगा बघून आम्ही आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेसच धरली, गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी मुंबई, दिवसभर डोंबिवलीला मावशीकडं, आणि मध्यरात्रीनंतर दीडचं विमान. तिथनं युरोपात उतरायचं, साडेचार तासांनी दुसरं विमान टोरंटोचं. तिकीट एकाच पीएनआरवर. हे आमच्या सात रस्त्याजवळच्या एजंटानं हट्टानं करायला लावलं, दोन वेगळी तिकिटं घेतली तर १४ हजार वाचत होते पण तो म्हणला, "मॅडम, मधे काही झालं तर कोण विचारणार नाही तुम्हाला." त्याच्या त्या एका वाक्यानं पुढं किती वाचलं ते खाली येईलच.

पहिलं विमान एकदम चांगलं. सीट रुंद नव्हत्या पण पाय ठेवायला जागा होती, शुगरचं जेवण सांगितलेलं ते बरोबर आईच्या नावानं आलं, एका एअर होस्टेसनं इन्सुलिनची पिशवी गार राहावी म्हणून बर्फाचा पॅक दोनदा बदलून दिला, न मागता. लँडिंग तर कळलंच नाही. साडेसहाला उतरलो तेव्हा मी मनात पाच स्टार देऊन मोकळी झालेले.

उतरल्यावर फोन चालू केला आणि मेसेज. टोरंटोचं विमान रद्द. कारण : पायलट संघटनेचा संप, मध्यरात्रीपासून.

आता इथं मला राग कशाचा आला ते नीट सांगते. संपाची घोषणा संघटनेनं शुक्रवारी दुपारी, तिकडच्या दुपारी, केलेली होती. म्हणजे आपल्याकडं संध्याकाळ. आम्ही मुंबईत चेकइन काउंटरवर उभे होतो रात्री दहाला. तेव्हा कंपनीला पक्कं ठाऊक होतं की आमचं दुसरं विमान उडणार नाहीये. तरी त्यांनी आम्हाला दोन्ही बोर्डिंग पास छापून दिले, बॅगांना टोरंटोचे टॅग लावले, हॅपी जर्नी म्हणले. त्याच वेळी सांगितलं असतं तर मुंबईतनं दुसऱ्या कंपनीवर बदलून घेतलं असतं, नाहीतर मावशीकडं एक दिवस थांबलो असतो, आई पलंगावर झोपली असती. काउंटरवरच्या पोरांना बहुतेक खरंच माहिती नसेल, त्यांना मी दोष देत नाही. पण वरच्यांना माहिती होतं ना.

आणि हा संप काय आभाळातनं पडला नव्हता. टर्मिनलवर बसून बसून मी सगळं वाचून काढलं. जुना करार संपून सव्वा वर्ष झालेलं, बोलणी दोनदा फिसकटलेली, संपासाठी पायलटांचं मतदान होऊन तीन आठवडे होऊन गेलेले. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, १९ वर्षं झाली. कामगारांचा पगारवाढीचा करार होताना मालकाच्या बाजूचे आकडे मीच काढून देते, त्यामुळं बोलणी कशी अडतात ते मी आतनं बघितलंय. मागणीपत्र येतं, मालक म्हणतो बघू, दोन मीटिंगा होतात, तिसरीला मालक बाहेरगावी. जेवढे दिवस लांबतं तेवढे दिवस जुनाच पगार चालू राहतो, म्हणजे थांबण्यात एकाच बाजूचा फायदा असतो. नंतर फरक द्यायचा ठरला तरी त्यावर घासाघीस होतेच. विमान कंपन्यांचं पण तेच आहे, फक्त आकड्यांच्या शेवटी शून्यं जास्त.

अमेरिकेत तर कायदाच असा आहे. तिथं रेल्वे आणि विमानवाल्यांना १९२६ चा रेल्वे लेबर अॅक्ट लागतो, त्यात कराराला शेवटची तारीखच नसते, मुदत झाली की तो फक्त "बदलता येण्याजोगा" होतो आणि तोवर जुन्याच अटी चालू. मग सरकारी मध्यस्थ मंडळ दोघांना बोलणीला बसवतं, ते मोकळं करेपर्यंत संप करता येत नाही, केल्यावर पण ३० दिवस थांबायचं. साउथवेस्टच्या पायलटांचा करार २०२० मध्ये बोलणीला आला आणि पास झाला जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे तीन वर्षांच्या वर. झाला तेव्हा ५० टक्क्यांच्या आसपास वाढ. डेल्टावाल्यांना २०२३ मध्ये चार वर्षांत मिळून ३४ टक्के. एवढे मोठे आकडे ऐकले की आपण म्हणतो काय हावरट माणसं, पण मधली दोन-तीन वर्षं एक रुपया वाढला नव्हता हे कोण लिहीत नाही.

बरं, टर्मिनलवर परत येते. ट्रान्सफर डेस्कला लाइन एवढी की तीन तास २० मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघितलं. आईला व्हीलचेअरवरनं उतरवून एका खुर्चीत बसवलं कारण व्हीलचेअर दुसऱ्याला पाहिजे होती. आमचा नंबर आला तर हॉटेलचं व्हाउचर हातात दिलं. हॉटेल एअरपोर्टच्या बाहेर. आमच्याकडं कॅनडाचा व्हिसा, शेंगेन म्हणजे युरोपात फिरायचा व्हिसा नाही. कॅनडाच्या व्हिसावर आतल्या आत विमान बदलता येतं, बाहेर पडता येत नाही. मी सांगितलं तर ती बाई आधी व्हाउचरकडं बघायली, मग पासपोर्टकडं, आणि म्हणली सॉरी. तिच्या मागं कंपनीचं मोठं पोस्टर होतं. सव्वा वर्ष बोलणी अडलीत, संप होऊ शकतो हे माहिती आहे, भारतातनं रोज विमानं भरभरून येतायत, आणि या लोकांना रात्री कुठं झोपवायचं याचा विचार एका माणसानं पण केला नव्हता. आमच्यासारखे निदान ६० जण होते, गुजराती, पंजाबी, केरळचे, दोन बायका तान्ह्या पोरांना घेऊन. रात्री अकराला लोखंडी फोल्डिंगच्या खाटा आणल्या, तेपण सगळ्यांना पुरल्या नाहीत.

जेवणाचे कूपन दिले त्यात एक सँडविच आणि एक कॉफी बसायची. आईला इन्सुलिन घेतल्यावर पोटात नीट जायला लागतं. शेवटी हातातल्या बॅगेतनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, कागदी कपात पाणी घेऊन भाकरी भिजवली, शेजारच्या पंजाबी आजींनी त्यांचे पराठे दिले. आई बोलली नाही काही. ती तक्रार करत नाही हीच तिची सवय आहे, आणि त्यामुळंच मला जास्त वाईट वाटत होतं.

मग दुपारी एक गोष्ट झाली जी मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आठवते. आमच्या रांगेत टोकाला एक माणूस बसलेला, साधे कपडे, पण गळ्यात आयकार्ड. त्याच कंपनीचा को-पायलट. राहतो दुसऱ्या शहरात, ड्युटी संपवून घरी निघालेला, आणि स्वतःच्याच संघटनेच्या संपात अडकलेला. लोकं त्याच्याकडं रागानं बघत होती, एकजण तर तोंडावर बोलला. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. आईला खुर्ची टोचते बघून त्यानं स्वतःचं जाकीट घडी करून पाठीमागं ठेवायला दिलं. आई मला म्हणली, "विचार की त्याला, किती वाढवून मागलालेत ही?"

मी विचारलं. तो म्हणाला पगार यादीत आहे पण पहिला नाही. पहिलं आहे रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, सुट्टीचे दिवस आदल्या रात्री रद्द होतात, महिन्याचं काही ठरवता येत नाही. दुसरं आहे की कंपनीनं शेजारी दुसरी छोटी कंपनी काढलीय, कमी पगारावर पायलट घेतलेत, आणि एकेक विमान तिकडं सरकवायला चालू केलंय. तेच प्रवासी, तेच रूट, विमानावरचा रंगपण जवळपास तोच, करार मात्र वेगळा. पायलटांना लेखी पाहिजे की इतकी विमानं आमच्याकडं राहतील. आणि मॅनेजमेंट सगळ्यावर बोलायला तयार आहे, फक्त या एका कलमावर नाही, म्हणून अडलंय.

मी आईला मराठीत सांगितलं. आईनं क्षणभर पण वेळ घेतला नाही. "म्हणजे मालकानं दुसऱ्या शेडात माग लावले आणि ह्यांचं सूत तिकडं पाठवलालाय म्हण की."

अगदी तेच. माझे वडील पॉवरलूमवर होते. बोनसचा विषय निघाला की मालक भांडत बसत नसे, गुपचूप बाहेर मजुरीवर माल विणून घ्यायचा, आणि दिवाळीपर्यंत इकडचे निम्मे माग थांबलेले असायचे. विमानवाल्यांनी त्याला इंग्लिशमधे मोठं नाव दिलंय पण सोलापुरात हे कुणालाही शेंबड्या पोराला कळतं.

आई स्वतः ३१ वर्षं विड्या वळायची. कुंभारीच्या गोदूताई घरकुलात राहते, दहा हजार विडी कामगार बायकांची ती घरं पण युनियनशिवाय झाली नसती हे ती कुणालाही सांगते. विडीला हजारी मिळते, हजार विड्यांचा दर. कारखान्यात पान-तंबाखू घ्यायला लाइनीत उभं राहायचं, वळलेला माल तपासून द्यायला परत लाइन, तपासणारा चार विड्या बाजूला टाकणार, त्या अर्ध्या दिवसाचा पैसा नाही. टोरंटोला गेल्यावर भावानं सांगितलं की ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या १० हजारांवर फ्लाइट अटेंडंटनी संप केला त्याचं एक मोठं कारण असंच होतं, विमान हलल्यावर पगाराचं मीटर चालू, त्याच्या आधी लोकांना बसवणं, बॅगा वर ठेवणं, अपंगांना मदत करणं याचे पैसे नाहीत किंवा फार कमी. सरकारनं काही तासांत कामावर जा म्हणून आदेश काढला तरी ते गेले नाहीत, आणि चौथ्या दिवशी तडजोड झाली. आई ऐकून म्हणली, "लाइनीचे पैसे मागितले की. बरोबर आहे." मला त्या बर्फाचा पॅक बदलणाऱ्या पोरीची आठवण झाली.

मी मालकाच्या बाजूचे आकडे काढणारी आहे त्यामुळं त्यांचं पण सांगते. विमान कंपनी चालवणं सोपं नाही, नफा पातळ, इंधन महाग, एक आठवडा विमानं जमिनीवर राहिली की वर्षाचा हिशोब बिघडतो. स्कँडिनेव्हियाच्या एसएएसच्या पायलटांनी ४ जुलै २०२२ ला संप चालू केला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज केला. आधीपासूनच अडचणीत होती म्हणा, पण संपाचा धक्का छोटा नसतो. आपल्याकडं २०१२ मध्ये एअर इंडियाच्या पायलटांचा संप ५८ दिवस चालला, ड्रीमलायनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग कुणाला द्यायचं यावरनं, आणि त्यात कुणाचं भलं झालं असं मला तरी दिसत नाही. त्यामुळं पायलट म्हणतील ते सगळं द्या असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बोलणी अडलीत हे तुम्हाला माहिती असताना तुम्ही तिकिटं विकताय, पूर्ण भावानं विकताय, तर विकताना ग्राहकाला सांगा, आणि अडलं तर काय करायचं याची तयारी ठेवा. टर्मिनलमधे दर अर्ध्या तासाला अनाउन्समेंट होत होती की संघटनेच्या बेजबाबदार वागण्यामुळं आपली गैरसोय झाली. ३५ तास हेच ऐकलं. सव्वा वर्षातल्या बोलण्यांबद्दल एक शब्द नाही. ग्राहकाला पायलटांच्या अंगावर सोडायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे मला पटलं नाही, त्यासाठीच एक स्टार जास्त कापलाय.

आता तुमच्या कामाचं. युरोपियन युनियनचा नियम आहे २६१/२००४, विमान रद्द झालं तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई, शिवाय खाणं, राहणं, आणि लवकरात लवकर दुसऱ्या मार्गानं पोचवणं. युरोपियन कंपनी असेल तर मुंबईहून तिकडं जाताना पण लागतो. एकच पीएनआर असल्यामुळं आमचं अंतर मुंबई ते टोरंटो धरलं, म्हणजे माणशी ६००. दोन तिकिटं वेगळी असती तर सगळं आमच्यावरच आलं असतं, म्हणून एजंटाला माझ्याकडनं ५ स्टार, त्यानं सोलापुरातनं पहाटे पाचला फोन करून मला सांगितलं की त्यांच्याच पुढच्या विमानाची वाट बघत बसू नका, दुसऱ्या कंपनीवर सीट मागा, हक्क आहे तुमचा. काउंटरवर आधी दोन दिवसांनंतरचं देत होते. मी तिथनं हललेच नाही. शेवटी दुसऱ्या कंपनीवर रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या विमानात जागा दिली.

भरपाईचा अर्ज केला तर पहिलं उत्तर आलं, संप ही असाधारण परिस्थिती आहे, पैसे मिळणार नाहीत. इथं लोकं सोडून देतात. सोडू नका. एसएएसच्याच २०१९ च्या पायलट संपावरनं युरोपच्या न्यायालयानं २३ मार्च २०२१ ला निकाल दिलाय, एअरहेल्प विरुद्ध एसएएस, केस नंबर सी-२८/२० : कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी, कामाच्या अटींसाठी नोटीस देऊन केलेला संप हा कंपनीच्या रोजच्या कारभाराचाच भाग आहे, असाधारण नाही, भरपाई द्यावीच लागेल. एअर ट्रॅफिक कंट्रोलवाल्यांचा संप असेल तर गोष्ट वेगळी, ते कंपनीची माणसं नाहीत. मी हा नंबर टाकून चार ओळींचं दुसरं पत्र लिहिलं, बोर्डिंग पासचे फोटो आणि रद्दचा मेसेज जोडला, आणि सूर एकदम बदलला.

आपल्याकडं मात्र उलटं आहे हे लक्षात ठेवा. डीजीसीए म्हणजे विमानांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्यांच्या नियमात संप आणि कामगार तंटे हे कंपनीच्या हाताबाहेरचे धरलेत, त्यामुळं पैसे परत किंवा दुसरं विमान मिळेल, वरची भरपाई मागता येणार नाही. मला हे चुकीचं वाटतं. स्वतःच्या माणसांशी बोलणं हे कंपनीच्या हातात नाही तर कुणाच्या हातात आहे? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं झालं ते बघा, तिथं तर संपपण नव्हता, पायलटांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरनं ४८ तास करायचा नियम आधीच जाहीर झालेला, तारीख माहिती होती, तरी माणसं कमी पडली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर विमानं रद्द. सगळीकडं तेच, तारीख माहिती असते, तयारी नसते.

तर तिकीट काढण्याआधी भाव आणि सामानाचं वजन बघता तसं कंपनीच्या नावापुढं पायलट, संप, करार एवढं टाकून एकदा बातम्या बघा. संपाचं मतदान झालेलं असेल तर ते तिकीट मधल्या थांब्याचं घेऊ नका, निदान म्हाताऱ्या माणसांबरोबर नको. इन्सुलिन चार दिवसांचं जादा हातातल्या बॅगेत ठेवा. आणि शेंगेन व्हिसा नसेल तर हॉटेलचं व्हाउचर काही कामाचं नाही हे धरूनच चला.

आम्ही रविवारी रात्री आठला टोरंटोला उतरलो, ३० तास उशिरा. बारसं दुपारी झालेलं. भावानं पाळणा तसाच सजवलेला ठेवला होता, आईनं हातपाय धुतले, साडी बदलली, आणि रात्री दहाला बाळाच्या कानात परत एकदा नाव सांगितलं.

माझे ६०० युरो ११ आठवड्यांनी आले. आईचे अडकलेत, पासपोर्टवर तिचं नाव एका स्पेलिंगनं आहे आणि इथल्या बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या, कंपनी म्हणते नाव जुळत नाही. प्रतिज्ञापत्र करून मागच्या सोमवारी पाठवलंय. पैसे आले की इथंच खाली लिहीन.